पहिला डाव जिंकला की मेंदू कुठे फसतो?

मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, चाकूर तालुक्यातल्या कुठल्याही रानात दुपारी डोकावले तर चित्र सारखेच दिसते. कोपीतली पूजा आटोपलेली असते, भज्जी, उंडे आणि आंबील पोटभर झालेली असते आणि एखाद्या झाडाखाली सतरंजी अंथरून पत्ते पिसले जात असतात. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात. हरणाऱ्याची थट्टा होते, चिंचोके मोजले जातात आणि दिवस मावळला की सगळे घरी. या खेळात आरोग्याला अपाय होण्यासारखे काही नाही. उलट थकलेल्या माणसाला चार लोकांत बसून पाने लक्षात ठेवणे, हिशेब करणे चांगलेच.

त्याच पानांवर पैसे लागले की डावाचे नाव बदलते आणि खेळणाऱ्याचा चेहराही. तीन पत्त्यांचा डाव, म्हणजे आपल्याकडचे ‘तिरट’, मराठवाड्याला नवे नाही. गेल्या काही वर्षांत त्यात मोबाइलवरच्या रमीची आणि पोकरची भर पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळ नशिबाचा असो वा कौशल्याचा, पैसे लागले की तो या बंदीत येतो. जुगारबंदीचा १८८७ चा कायदा तर राज्यात आधीपासून आहेच. तरीही अड्डे पुरते मिटलेले नाहीत आणि परदेशातून चालणारी ॲप कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये शिरतातच.

कायद्याचे काम पोलीस करतील. आरोग्याच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. नवशिका खेळाडू नेमका कुठे चुकतो? हुशार, कष्टाळू, चार पैसे राखून असलेला माणूस पत्त्यांपुढे बसल्यावर असा का वागतो? याचे उत्तर पत्त्यांपेक्षा मेंदूत जास्त सापडते. पोकर हा खेळ त्यासाठी चांगले उदाहरण आहे, कारण त्यात नशीब आणि निर्णय दोन्ही आहेत.

खेळ थोडक्यात

पोकरच्या सर्वांत चालणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग मधोमध पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात आणि ती सगळ्यांची असतात. या सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत वरचढ, तो जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर बोली वाढवायची, तेवढीच लावायची की पाने टाकून डाव सोडायचा, हे ठरवावे लागते. तीन पत्ती हा त्याचाच आपल्याकडे रुळलेला भाऊ. तिथे डाव सोडण्याला ‘पॅक’ म्हणतात.

एका रात्रीपुरते यात नशीबच जास्त असते. कौशल्य दिसायला हजारो डाव लागतात. बहुतेक चुका या एका गोष्टीच्या विसरातून होतात.

चूक पहिली : प्रत्येक डाव खेळायचाच

५२ पानांतून तीन पाने २२,१०० वेगवेगळ्या तऱ्हांनी येऊ शकतात. त्यांपैकी १६,४४० तऱ्हांमध्ये ना जोडी असते, ना कलर, ना सिक्वेन्स. म्हणजे चारांतल्या तीन वेळा हातात काहीच नसते. तीन एकसारखी पाने, म्हणजे ट्रेल, सरासरी ४२५ डावांत एकदा येते. पोकरमध्ये पहिल्या दोन पानांत जोडी मिळण्याची शक्यता १७ डावांत एक आणि दोन एक्के हाती येण्याची शक्यता २२१ डावांत एक.

आकडे असे असताना शहाणपण कशात आहे? बहुतेक डाव सोडून देण्यात. मुरलेला खेळाडू भरलेल्या टेबलावर बराच वेळ नुसता पाहत बसतो. नवशिक्याला मात्र सोडणे म्हणजे हरणे वाटते. ‘बसलोच आहे तर बघू या’ म्हणत तो दोन बदाम हातात धरून आणखी तीन बदामांची वाट पाहतो. एकाच रंगाची दोन पाने हातात असताना उघडणारी पहिली तिन्ही पाने त्याच रंगाची निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते.

यात कंटाळ्याचाही भाग आहे. मेंदूला रिकामे बसणे आवडत नाही. काही न करण्यापेक्षा चुकीचे का होईना, काहीतरी करणे त्याला सोपे जाते.

चूक दुसरी : ‘आता तर माझीच पाळी’

१८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला. पंधरा-सोळा वेळा काळा आल्यावर लोकांनी लालवर पैसे ओतायला सुरुवात केली. आता लाल येणारच, नाही कसा येणार? लाल आला नाही आणि लोक धुऊन निघाले.

चाकाला स्मरणशक्ती नसते. नीट पिसलेल्या पत्त्यांनाही नसते. मागचे दहा डाव वाईट गेले म्हणून अकरावा चांगला येण्याचे कोणतेही कारण नसते. पण माणसाचा मेंदू सगळीकडे साखळ्या शोधतो. ‘दोन वर्षे पाऊस हुकला, यंदा पडणारच’ असे पारावर म्हटले जाते, त्यामागेही हीच खोड आहे. मागची तूट भरून देण्याचे बंधन ढगांवर नसते आणि पत्त्यांवर तर मुळीच नसते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे आपल्या हाताला गुण आहे असे वाटणे. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये दाखवले, की लॉटरीचे तिकीट स्वतः निवडले असेल तर लोक ते विकायला जास्त किंमत मागतात. निवडल्याने शक्यता वाढत नाही, फक्त खात्री वाढते. पाने आपणच कापली, जागा बदलून बसलो, अंगात ठरावीक शर्ट घातला, म्हणून डाव फिरेल असे वाटणे हे त्याच जातीचे.

चूक तिसरी : गेलेले पैसे काढायला बसणे

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत आज जगभर शिकवला जातो. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे सांगणे असे, की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख बरेच मोठे असते. एरवी जोखीम टाळणारा माणूस तोट्यात गेला की जोखीम घेऊ लागतो, कारण तो तोटा मान्य करणे त्याला सहन होत नाही.

चाकूरच्या बाजारात एक-एक रुपयाची घासाघीस करणारा माणूस अड्ड्यावर तासाभरात हजारांचे डाव खेळतो, त्याचे कारण हे आहे. पाचशे गेले की ते काढायला हजार, हजार गेले की दोन हजार. पोकरमध्ये या अवस्थेला ‘टिल्ट’ म्हणतात. पिनबॉलचे यंत्र रागाने हलवले की ते खेळ बंद पाडते, त्यावरून हा शब्द आला.

टिल्ट शरीरातही दिसतो. छातीत धडधडते, तळहातांना घाम येतो, कान गरम होतात, बोलणे तुटक होते. अशा वेळी कपाळामागचा, विचार करून थांबवणारा मेंदूचा भाग मागे पडतो आणि भावनेचा भाग पुढे येतो. त्यात दारू, जागरण आणि रिकामे पोट यांची भर पडली की उरलासुरला लगामही सुटतो. रात्री दोन वाजता लावलेली बोली सकाळी दहाला त्याच माणसाने लावली नसती.

चूक चौथी आणि सर्वांत महाग : निकालावरून निर्णय तोलणे

विद्यापीठ आणि कृषी विभाग दरवर्षी सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. समजा, एकाने चाळीस मिलिमीटरवरच पेरले आणि नशिबाने चार दिवसांत झड लागली. पीक झकास आले. त्याचा निर्णय बरोबर होता का? नाही. निर्णय चुकीचाच होता, निकाल तेवढा चांगला लागला. पण पुढच्या वर्षी तो पुन्हा चाळीसवर पेरील आणि शेजाऱ्यालाही सांगेल. दुबार पेरणीची वेळ येईल तेव्हा तो पावसाला दोष देईल.

हेल्मेट न घालता लातूरला जाऊन सुखरूप परत आलेल्या माणसाचेही हेच होते. काही झाले नाही, म्हणजे काही होत नाही, अशी त्याची समजूत पक्की होते.

पत्त्यांत नवशिक्याचा पहिला विजय म्हणूनच धोक्याचा असतो. तो वाईट पानांवर हट्टाने बसला आणि शेवटचे पान हवे ते निघाले, तर मेंदू त्याला सांगतो, ‘हे जमतंय.’ शास्त्रज्ञ वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की अपेक्षा नसताना फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी जोरात चेततात. रस मिळणार हे माकडाला आधीच कळू लागले की रस मिळताना त्या तशा चेतत नाहीत. म्हणजे मेंदू बक्षिसापेक्षा अनपेक्षित बक्षिसाकडून जास्त शिकतो. कधी मिळते, कधी मिळत नाही, अशी सवय म्हणूनच सर्वांत घट्ट बसते.

‘थोडक्यात हुकले’ हेही मेंदूला हार वाटत नाही. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये स्लॉट मशीनसारख्या खेळावर अभ्यास केला. अगदी जवळ येऊन हुकले, तेव्हा जिंकताना जे भाग चेततात त्यांपैकीच काही भाग चेतले आणि खेळण्याची इच्छा वाढली. एका पानाने हरलेला माणूस घरी जात नाही, याचे रहस्य हे.

मालकाचा वाटा विसरू नका

सगळे खेळाडू सारख्या ताकदीचे असले तरी सगळे मिळून हरतात, हे नवशिक्याच्या लक्षात येत नाही. कारण प्रत्येक डावातून अड्डेवाला आपली ‘नाल’ काढतो आणि ॲप आपले कमिशन. उदाहरणादाखल हिशेब करू. सहा जण प्रत्येकी ५०० रुपये घेऊन बसले, एकूण ३,००० रुपये. चार तासांत शंभर डाव झाले आणि डावागणिक सरासरी २०० रुपये जमले, तर उलाढाल २०,००० रुपयांची. त्यावर पाच टक्के नाल म्हणजे १,००० रुपये. कुणी फार हरले असे न वाटताही टेबलावरचे एक तृतीयांश पैसे उठून गेले.

मोबाइलवर हा वेग आणखी वाढतो. हाताने पत्ते वाटताना तासाला पंचवीस-तीस डाव होतात, पडद्यावर त्याच्या दुपटीहून अधिक. विचाराला वेळ नाही, समोर ओळखीचा चेहरा नाही आणि नोट हातातून जाताना दिसत नाही. नुसता आकडा कमी होतो.

चांगल्या सवयी

मारिया कॉनिकोव्हा या मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या लेखिकेने निर्णय आणि नशीब यांचा अभ्यास करण्यासाठी पोकर शिकायचे ठरवले. तेव्हा पत्त्यांच्या जोडात पाने किती असतात हेही तिला नक्की माहीत नव्हते. एरिक सायडेल या नामवंत खेळाडूकडे ती शिकली आणि जानेवारी २०१८ मध्ये तिने एक मोठी स्पर्धा जिंकली. पुढे २०२० मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिले. तिचा भर डावपेचांइतकाच स्वतःच्या मनावर नजर ठेवण्यावर होता. जिंकण्याची हमी कोणतीच सवय देत नाही, हेही तितकेच खरे.

पैशाविना खेळतानाही पुढील सवयी उपयोगी पडतात.

१. बसण्याआधी मर्यादा ठरवा. चिंचोके पन्नास आणि वेळ एक तास. संपले की उठायचे. ही मर्यादा डोके थंड असताना ठरवायची असते, डाव रंगल्यावर नाही.

२. सोडायला शिका. पहिले काही दिवस किती डाव जिंकले हे मोजू नका. किती वाईट डाव वेळेत सोडले हे मोजा.

३. वही ठेवा. निर्णय काय घेतला आणि का, हे लिहा. नंतर निकाल. महिन्याने वाचले की आपली खोड आपल्यालाच दिसते. स्मरणशक्ती विजय लक्षात ठेवते, वही दोन्ही.

४. उपाशीपोटी, झोप आलेली असताना, भांडण करून आल्यावर आणि प्यायल्यावर बसू नका.

५. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा, पाणी प्या, चार पावले चाला. मोठा डाव हरल्यावर पुढचे दोन डाव नुसते पाहा.

६. उसने घेऊन कधीच खेळू नका. उसने चिंचोकेसुद्धा घेऊ नका. सवय चिंचोक्यांवरच लागते.

या सवयी पत्त्यांपुरत्या नाहीत. सोयाबीनचा भाव पडत असताना ‘अजून थोडे थांबू, गेलेले भरून निघेल’ असे वाटते, तेव्हाही स्वतःला एक प्रश्न विचारता येतो. आज हा माल नव्याने हातात आला असता, तर मी तो ठेवला असता की विकला असता?

खेळ संपतो कुठे, आजार सुरू होतो कुठे?

सवयी माहीत असूनही ज्याला त्या पाळताच येत नाहीत, तो कच्चा खेळाडू नसून रुग्ण असू शकतो. जुगाराचा विकार वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये तो दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर एका गटात घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तो आहे.

निदानासाठी नऊ खुणा पाहतात. सतत खेळाचाच विचार. तीच मजा येण्यासाठी रक्कम वाढवत जाणे. बंद केले की अस्वस्थता, चिडचिड. बंद करण्याचे प्रयत्न वारंवार फसणे. मन खिन्न असले की खेळाकडे वळणे. हरलेले काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे. खोटे बोलणे. नाती, शिक्षण किंवा नोकरी धोक्यात येणे. पैशासाठी दुसऱ्यांवर अवलंबून राहणे. वर्षभरात यांतल्या चार किंवा अधिक खुणा दिसल्या तर डॉक्टरांना दाखवावे.

असा एखादा तरुण डोळ्यांपुढे आणा. सोयाबीनची पट्टी वडिलांच्या खात्यावर आली आहे आणि मोबाइल बँकिंग मुलाच्या हातात आहे. आधी दोन हजार, मग पाच. मित्राकडून उसने, मग झटपट कर्ज देणारे ॲप, मग बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या दागिन्यावर कर्ज. घरात कळते तेव्हा आकडा लाखांत गेलेला असतो. त्या दिवशी घरचे त्याला काय बोलतात, यावर बरेच अवलंबून असते. या विकारात आत्महत्येचा धोका वाढतो. ‘तोंड दाखवू नको’ हे वाक्य अशा वेळी फार महाग पडू शकते.

घरच्यांनी तीन गोष्टी कराव्यात. पैशाचा व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हातात द्यावा आणि मोबाइलवरचे व्यवहार बंद करावेत. कर्जाची संपूर्ण यादी एकदाच कागदावर लिहून घ्यावी. गुपचूप कर्ज फेडून विषय मिटवू नये, कारण उपचाराशिवाय फेडलेले कर्ज म्हणजे पुढच्या डावाचे भांडवल ठरते.

उपचार आहेत. विचारांची चुकीची वळणे ओळखून बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत यात चांगली उपयोगी पडते. सोबत नैराश्य किंवा दारूचे व्यसन असेल तर त्याची औषधे दिली जातात. क्वचित कारण औषधातच असते. कंपवातासाठी दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलसारख्या गोळ्यांमुळे काही रुग्णांना उतारवयात अचानक जुगाराची ओढ लागते. औषध सुरू झाल्यावर घरातल्या आजोबांचे वागणे असे बदलले, तर त्यांना दूषण न देता डॉक्टरांना सांगावे. गोळी मनाने बंद करू नये.

सुरुवात जवळच्या सरकारी रुग्णालयातून करता येते. तिथून गरजेप्रमाणे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवता येते. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येते. गावात कळेल या भीतीने थांबू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा त्याला हक्क आहे. आणि मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर उद्याची वाट न पाहता आजच, कुणाला तरी सोबत घेऊन, रुग्णालयात जावे.

पुढच्या येळवशीला रानात डाव मांडताना मुलांनाही जवळ बसवावे. पन्नास चिंचोके मोजून द्यावेत आणि एक तासाने, कोण जिंकत आहे हे न पाहता, डाव उठवावा. जिंकत असताना उठता येणे ही सवय लहानपणीच लागली तर मोठेपणी हरत असतानाही उठता येते.